वजनकाट्यावरची गाडी

आमच्या फरिदाबादच्या शेडमध्ये गाडी आली की बॉनेट उघडण्याआधी मी तिला काट्यांवर चढवते. चार चाकांखाली चार सपाट वजनकाटे, त्यांच्या वायरी एका लहान डब्यात जातात आणि डब्यावर चार आकडे उमटतात. मालक तोवर हॉर्सपॉवरबद्दल बोलत असतो. इंजिन कुठून आणलं, कॅमशाफ्ट कुणी घासून दिला, आवाज कसा सुटलाय. मी ऐकते, पण डोळे डब्यावर असतात. सहाशे किलोच्या आतल्या गाडीबद्दल मला सगळ्यात आधी हे चार आकडे हवे असतात.

मागच्या हिवाळ्यात एका गाडीचे आकडे असे आले: पुढचं डावं चाक १४८ किलो, पुढचं उजवं १३९, मागचं डावं १४२, मागचं उजवं १५१. एकूण ५८०. आता तिरकी बेरीज करा. पुढचं डावं आणि मागचं उजवं मिळून २९९, उरलेली दोन मिळून २८१. डुगडुगणाऱ्या टेबलासारखी ती गाडी एका कर्णावर जास्त टेकली होती. सरळ रस्त्यावर हे कुणाच्या लक्षात येत नाही. ब्रेक जोरात दाबला की पुढचं उजवं चाक आधी लॉक होतं, आणि डाव्या वळणाला गाडी एक वागते, उजव्या वळणाला दुसरं. मग सीटवर चालवणाऱ्याच्या वजनाच्या वाळूच्या पिशव्या ठेवायच्या, स्प्रिंगखालची कॉलर पाव-पाव फेरा फिरवायची, गाडी पुढे-मागे ढकलून बसवायची, पुन्हा वाचायचं. अख्खी दुपार यात जाते. दीड टनाच्या गाडीत माणसाचं वजन म्हणजे विसावा हिस्सा. इथे तो आठवा हिस्सा असतो. चालवणारा बदलला की सेटिंग बदलतं, म्हणून मी मालकाला त्याचं वजन विचारते आणि खरं सांगायला लावते.

या गाड्यांचं घराणं एकच आहे. १९५७ साली इंग्लंडमध्ये कॉलिन चॅपमनने लोटस सेव्हन बाजारात आणली. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, वर पत्रा, दोन माणसं, लांब नाक, उघडी चाकं. दारं नाहीत, टप असला तर नावापुरता. त्या काळी ब्रिटनमध्ये तयार गाडीवर खरेदी कर लागायचा, सुट्या भागांच्या संचावर नाही. म्हणून लोक खोक्यांत भरलेली गाडी घ्यायचे आणि घरच्या गॅरेजात जोडायचे. १९७३ साली मूल्यवर्धित कर आला, ती पळवाट बुजली, आणि त्याच वर्षी लोटसने ही गाडी बनवण्याचे हक्क केटरहॅम या आपल्या विक्रेत्याला दिले. तिथे ती आजही बनते, आणि पन्नास वर्षांपूर्वी कर वाचायचा बंद झाला तरी लोक आजही ती घरी जोडतात. मला या माणसांबद्दल पहिल्यापासून आपलेपणा वाटत आला आहे. ज्या गाडीचा प्रत्येक नट आपण आवळलेला असतो, तिच्यात बसताना जी एक सावध खात्री असते, ती विकत मिळत नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे फार दूरचं वाटू नये. पेणहून अलिबागला जाताना कार्लेखिंड लागते. तिथे चिंकारा मोटर्सने या शतकाच्या सुरुवातीला रोडस्टर नावाची अशीच गाडी बनवली. नळ्यांचा सांगाडा, फायबरग्लासचं अंग आणि हिंदुस्थान मोटर्सच्या कॉन्टेसात असायचं ते १.८ लिटरचं इसुझू इंजिन. कॉलेजात असताना मावशीकडे पोयनाडला जाताना मी एसटीच्या खिडकीतून तशी एक लाल गाडी पाहिली. ती इतकी खाली होती की माझ्या खिडकीतून चालवणाऱ्याचे गुडघे दिसले. पुढे मनेसरच्या बाजूला एका कंपनीच्या टेस्टिंग विभागात नोकरी लागली, हातात पैसे आले, आणि जुन्यात निघालेली एक रोडस्टर मी घेतली. नोकरी सोडून शेड टाकली ती नंतर.

दिल्लीच्या भागाचीही स्वतःची हलकी गाडी होती, हे इथली नवी मुलं विसरली आहेत. १९८३ च्या डिसेंबरात गुरुग्रामच्या कारखान्यातून मारुती ८०० बाहेर पडली, साडेसहाशे किलोच्या आसपासची. तिचंच इंजिन घालून एकाआसनी फॉर्म्युला मारुती गाड्या वर्षानुवर्षं शर्यतीत पळाल्या. आता त्याच गुरुग्रामच्या रस्त्यांवर एकेकटा माणूस पावणेदोन टनांची गाडी घेऊन दूध आणायला जातो. मला ते पाहवत नाही.

मागच्या हिवाळ्यात काट्यांवर चढलेलं ते ५८० किलोचं यंत्र आम्हीच, सेव्हनच्याच धर्तीवर, बनवलेलं आहे. मालक डॉक्टर, नोएडाचे, पन्नाशी ओलांडलेले. त्यांना फक्त ट्रॅकवर चालवण्यासाठी गाडी हवी होती. इंजिनाचा प्रश्न इथल्या बाजाराने सोडवला. आजच्या बहुतेक लहान गाड्यांत इंजिन आडवं बसतं आणि पुढची चाकं फिरवतं. आम्हाला ते उभं, लांबीच्या दिशेने बसणारं हवं होतं. जिप्सी किंगमध्ये मारुतीचं १.३ लिटरचं सोळा व्हॉल्व्हचं इंजिन उभंच बसतं, मागे पाच गिअरचा गिअरबॉक्स, आणि चारही चाकांना ताकद वाटणारा ट्रान्सफर केस त्यापासून वेगळा, मधल्या शाफ्टने जोडलेला. तो केस काढून टाकला की गिअरबॉक्समधून सरळ मागे शाफ्ट नेता येतो. लष्कराच्या लिलावात निघालेल्या जिप्सी या भागात फिरत असतात, त्यामुळे इंजिनांचा तुटवडा नाही. मागचा अॅक्सल ईकोचा घेतला. किरकोळ भाग काश्मिरी गेटला, आणि जे तिथे मिळालं नाही ते मायापुरीला. मायापुरीत वस्तू कुठल्या गाडीची आहे ते विचारायचं नसतं, ती हातात घेऊन मोजायची असते. मी कॅलिपर खिशात घेऊनच जाते.

आमचे वेल्डर उस्ताद मूळचे मेरठचे. त्यांनी आयुष्यभर दुधाच्या टाक्या आणि हॉटेलांची स्टीलची भांडी जोडली होती. सांगाड्याच्या नळ्या त्यांनी पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा भिंतीची जाडी विचारली. १.६ मिलिमीटर म्हटल्यावर नळी बोटांत फिरवून म्हणाले, "मॅडम, ये तो दूध की पाइप है. इसमें आदमी बैठेगा?" बैठेगा, पण नळ्या त्रिकोणात असतील तर. त्यांना चार काड्यांचा चौकोन करून दाखवला, तो दाबला की कलतो. तिरकी काडी लावली की कलत नाही. त्यांनी काडी हातात घेतली, दोनदा दाबून पाहिली, आणि त्यानंतर ड्रॉइंगमध्ये एखाद्या खणात तिरकी नळी नसली तर तेच विचारू लागले. जिथे दोन नळ्या भेटतात तिथे एकीचं तोंड माशाच्या जबड्यासारखं कापून दुसरीवर बसवतात. त्यांची बसवणी अशी की वेल्डच्या आधी उजेडासमोर धरली तर फट दिसत नाही. मग आर्गॉनची शिटी, टॅक, सगळा सांगाडा आधी टॅकवर उभा, आणि शिवण घालताना आधी इथे, मग समोरच्या कोपऱ्यात, म्हणजे तापून तो एका बाजूला ओढला जात नाही. रोल बारला मात्र आम्ही जाड भिंतीची नळी वापरली. तिथे किलो वाचवायचा नाही, हे मी पहिल्याच दिवशी ठरवून दिलं होतं.

बाकी प्रत्येक गोष्टीला विचारावं लागतं, तू का आहेस? हीटर गेला. गालिचा गेला. ब्रेकचा सर्व्हो गेला, कारण एवढ्या वजनाला पाय पुरतो आणि पायाला टायरपर्यंतची खबर थेट येते. त्याऐवजी दोन मास्टर सिलिंडर आणि मध्ये एक दांडी, तिच्याने पुढच्या-मागच्या ब्रेकचं प्रमाण बदलतं. मागची चाकं आधी लॉक झाली तर गाडी भोवऱ्यात जाते, म्हणून प्रमाण पुढे झुकतं ठेवायचं. वजन कमी झाल्याचा खरा फायदा इथे दिसतो. माणसासकट साडेसहाशे किलोची गाडी आणि माणसासकट साडेसोळाशे किलोची गाडी एकाच वेगाने वळणावर आल्या, तर दुसरीच्या ब्रेकना अडीचपट उष्णता पचवावी लागते. तिच्या डिस्क दोन-चार फेऱ्यांत वास मारू लागतात. आमच्या अजून गुणगुणत असतात.

ही गाडी रस्त्यावर येऊ शकत नाही. आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२६ व्या नियमाप्रमाणे गाडीचा नमुना आधी पुण्याच्या एआरएआय किंवा मनेसरच्या आयकॅटसारख्या संस्थेकडून मंजूर व्हावा लागतो. ही वाट कारखानदारासाठी आहे. ब्रिटनमध्ये एकट्या माणसाने बनवलेली एकटी गाडी तपासून रस्त्यावर सोडण्याची व्यवस्था आहे. तशी इथे नाही. गाडीत मूळ रचनेपेक्षा वेगळे बदल करण्यावर कायद्याच्या ५२ व्या कलमाची बंदी आहे, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने ती आणखी स्पष्ट केली. पोकळ वेल्ड आणि कापलेल्या चॅसिसच्या जीप मी इतक्या पाहिल्या आहेत की बंदी का आहे ते मला कळतं. तरीही नीट बनवलेल्या एका गाडीला निदान तपासून घेण्याचं दार असावं, असं मला मनापासून वाटतं. दार असलं की लोक दारातून जायला शिकतात. तोवर डॉक्टरांची गाडी टेम्पोवर चढून ट्रॅकला जाते.

रस्त्यावर मी माझी रोडस्टर चालवायचे, तिची रीतसर नोंदणी होती. एनसीआरमध्ये अशी गाडी चालवणं हे वेगळं काम आहे. बसल्यावर डोळे ट्रकच्या चाकाच्या नटांच्या उंचीला येतात. ट्रकवाल्याला आपण दिसतच नाही, हे गृहीत धरूनच चालवायचं: त्याच्या बाजूला रेंगाळायचं नाही, एक तर मागे राहायचं किंवा झटकन पुढे जायचं. सोसायट्यांसमोर रातोरात उगवणारे स्पीडब्रेकर तिरके घ्यायचे, एकेक चाक चढवत. सिग्नलला मुलं येतात, हात लावून पाहतात, कुणीतरी हमखास विचारतो, "दीदी, कितना देती है?" पेट्रोल पंपावरचा टायरवाला न विचारता ३२ पौंड हवा भरतो. एवढ्या हलक्या गाडीच्या टायरमध्ये ३२ भरली की टायर मधल्या पट्टीवरच चालतो आणि गाडी खड्ड्यांवरून उडते. वीसच्या आसपास पुरते. मी माझं गेज दाखवायचे तरी त्यांचा विश्वास बसायचा नाही. उन्हाळ्यात चालवायचं नाही, दाट धुक्यात अजिबात नाही, रात्री शक्यतो नाही. उरतात त्या फेब्रुवारी-मार्चच्या सकाळी.

तशा सकाळी फरिदाबादहून गुरुग्रामला जाणाऱ्या रस्त्यावर, अरवलीच्या टेकड्यांमधून, या गाडीचं म्हणणं नीट ऐकू यायचं. मांगरच्या आसपास हवेत एकदम गारवा लागतो, बाभळींचा आणि कुठल्या तरी धुराचा वास येतो, आणि रस्ता ओला असेल तर तो चाकांआधी कमरेला कळतो, कारण आपण जवळजवळ मागच्या अॅक्सलवर बसलेलो असतो. स्टिअरिंगला पॉवर नाही. रस्त्यावरची बारीक खडी मनगटात येते. चाळीसच्या वेगालाही पुरेसं काही घडत असतं, आणि हलक्या गाडीची ही सगळ्यात मोठी मेहेरबानी आहे असं मी समजते. मोठ्या गाडीत एवढं जाणवायला दीडशेच्या पुढे जावं लागतं, आणि तो वेग या रस्त्यांवर कुणाचा तरी जीव घेतो. एका वळणावर नीलगाय उभी होती. सगळा रस्ता अडवून, माझ्या डोक्याच्या वर तिचं पोट. मी इंजिन बंद करून बसले, ती सावकाश उतारावर गेली.

ट्रॅक म्हणजे ग्रेटर नोएडाचं बुद्ध इंटरनॅशनल सर्किट. हेर्मान टिल्केने आखलेलं, ५.१२५ किलोमीटरचं. २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं इथे फॉर्म्युला वन झाली आणि तिन्ही वेळा सेबास्टियन व्हेटेल जिंकला. २०१२ आणि २०१३ ला इथे केटरहॅम नावाचा हिरवा संघही पळाला, सगळ्यात मागच्या रांगांमधून. सेव्हन बनवणाऱ्या कंपनीचं नाव आपल्या यमुनेकाठी फॉर्म्युला वनमध्ये पळून गेलं, आणि स्टँडमधल्या फार थोड्यांना त्या नावामागची लहान गाडी ठाऊक असेल. पुढे करांच्या वादात शर्यत गेली. २०२३ च्या सप्टेंबरात मोटोजीपी आली. मधल्या काळात कंपन्यांचे कार्यक्रम, देशी शर्यती आणि आमच्यासारख्यांचे ट्रॅक डे यांनी तो डांबराचा पट्टा जागता ठेवला.

ट्रॅक डेच्या सकाळी माझं काम म्हणजे पाना आणि रंगाची डबी. प्रत्येक महत्त्वाचा नट टॉर्क पान्याने आवळून त्यावर आणि शेजारच्या धातूवर मिळून एक पिवळी रेघ ओढलेली असते. प्रत्येक सत्रानंतर मी गाडीखाली टॉर्च घेऊन जाते. रेघ तुटलेली दिसली तर नट फिरला. हलक्या गाडीत कंप जिरवायला ना रबर असतं ना वजन, ते सगळे नटांवर जातात.

डॉक्टर आधी त्यांची जर्मन सेडान घेऊन इथे यायचे. तिसऱ्या वळणानंतर एक किलोमीटरहून लांब सरळ पट्टा आहे, तिथे ती सेडान दोनशेच्या पुढे जायची आणि ते खूश असायचे. आमच्या गाडीत पहिल्या सत्रानंतर ते गप्प होते. सरळ पट्ट्यावर त्यांना सगळे मागे टाकून गेले. सेव्हनचं तोंड हवेला फळीसारखं लागतं, दीडशेनंतर तिथे हलकेपणाचा काही उपयोग नाही. "मॅडम, ताकद कमी पडतेय," ते म्हणाले. मी म्हटलं, दुसऱ्या सत्रात सरळ पट्टा विसरा, दहावं-अकरावं बघा. ते दोन्ही मिळून एक लांबलचक उजवं वळण आहे, बाहेरून उचललेलं, आणि संपता संपत नाही. जड गाडीत तिथे टायर रडतात आणि माणूस वाट बघत बसतो. हलक्या गाडीत त्या अख्ख्या वळणात चालवणाऱ्याला काम असतं: अॅक्सिलरेटर केसभर सोडला की नाक आत येतं, केसभर दाबला की बाहेर जातं, स्टिअरिंग जवळजवळ तसंच. हिवाळ्यात पहिल्या दोन-तीन फेऱ्या थांबावंही लागतं, कारण एवढ्या कमी वजनाखाली टायर लवकर तापत नाहीत.

पिट वॉलवरून मी पाहत होते. चौथ्या फेरीला त्या वळणात त्यांच्यापुढे एक मोठी कूपे होती, त्यांच्या तिप्पट ताकदीची. ते तिच्या मागे चिकटले, पुढच्या ब्रेकिंगला आणखी जवळ आले. कूपेवाल्याने सरळ भागात हात करून त्यांना पुढे काढलं. परत आल्यावर हेल्मेट काढायच्या आधीच ते बोलू लागले, आणि एकदाही ताकदीचं नाव नाही. ब्रेक केव्हा सोडायचा, तो किती हळू सोडायचा, हेच. शस्त्रक्रिया करणारा माणूस. हाताने काय थांबवायचं आणि काय सोडायचं, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं.

याच ट्रॅकवर सुप्रा स्पर्धेत इंजिनिअरिंगची मुलं स्वतः बनवलेल्या फॉर्म्युला गाड्या घेऊन येत. त्यांच्या गाड्या आमच्याहूनही हलक्या. पुष्कळांत केटीएम ३९० चं इंजिन असतं, म्हणजे चाकणला तयार झालेलं. आणि ते हवा घेतं वीस मिलिमीटरच्या एका भोकातून, कारण नियमच तसा आहे. गाडी साठ अंशांत कलवतात, एक थेंब गळला तर नापास. चालवणाऱ्याने पाच सेकंदांत बाहेर यायचं. चारही चाकं एकदम लॉक झाली पाहिजेत. ब्रेकच्या या चाचणीपाशी रात्रभर न झोपलेली मुलं डोळे चोळत उभी असतात आणि एक चाक फिरत राहतं. माझ्या शेडमध्ये दर उन्हाळ्यात त्यांच्यातली दोन-तीन येतात. त्यांना मी पहिला आठवडा नुसतं वजन करायला लावते. प्रत्येक ब्रॅकेट, प्रत्येक बोल्ट, वहीत.

माझी रोडस्टर आता इथे नाही. एनसीआरमध्ये पंधरा वर्षांवरची पेट्रोल गाडी रस्त्यावर चालणार नाही, हा हरित लवादाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या ऑक्टोबरात कायम केला. नोव्हेंबरात माझ्या शेडच्या दारातून समोरची पाण्याची टाकी दिसत नाही, त्यामुळे त्या आदेशाशी माझं भांडण नाही. महिन्यातून दोन सकाळी निघणाऱ्या गाडीने हवेत किती भर पडते, हा हिशेब मी मांडू शकते, पण तो प्रत्येक जण स्वतःपुरता मांडेल. मुदत जवळ आली तेव्हा विजेवर चालवायचं म्हणून आकडे मांडून पाहिले. कामापुरती बॅटरी घातली तर गाडी शंभर किलोंहून जास्त जड होत होती. मी ना-हरकत घेतली आणि गाडी महाराष्ट्रात पाठवली. तिथे तपासणी करून, पर्यावरण कर भरून पाच-पाच वर्षांनी नोंदणी वाढवता येते. भाऊ चालवतो, हवेचं प्रेशर विचारायला फोन करतो.

इथे डॉक्टरांच्या गाडीचं काम चालू आहे. ईकोचा तो अखंड अॅक्सल जड आहे, आणि ते वजन स्प्रिंगच्या खालचं असल्यामुळे खाचखळग्यांवर चाक जमीन सोडतं. केटरहॅमने १९८५ च्या सुमारास यावर जो उपाय केला तोच आम्ही करतोय: डिफरन्शिअल सांगाड्याला टांगायचं आणि दोन चाकं एका पातळ वाकवलेल्या नळीने जोडायची. माझ्या हिशेबाने चाकांवरचे पंधरा-सोळा किलो तरी उतरतील. उस्ताद म्हणतात वीस. पहिली नळी त्यांनी परवा वाकवली, साच्यावर ठेवली, एका टोकाला दोन मिलिमीटर कमी भरली. चालली असती, शिम घालता आली असती. त्यांनी ती भंगारात टाकली आणि दुसरी कापायला घेतली.